बंदराचा दिवस

माझ्या फडताळात एक तेलाची कुपी आहे. तिची चोच बगळ्याच्या मानेसारखी लांब आणि जराशी वाकडी. आत तेल नाही, तरी उन्हाळ्यात कुपी उपडी धरली की बऱ्याच वेळाने एक थेंब चोचीच्या टोकाशी येतो आणि तिथेच थांबतो. पडत नाही. मी त्याच्याकडे पाहत बसते. घरच्यांना वाटतं, हिला डुलकी लागली.

कुपी जहाजावरून आली. मी समुद्र पाहिलेला नाही. पण समुद्रात चालणाऱ्या इंजिनाची निगा कशी राखतात ते मला ठाऊक आहे. धाड या बाजाराच्या गावापासून दोन कोसांवर आमचं गाव, तिथल्या पिठाच्या गिरणीत मी ते शिकले. नवा महाराष्ट्र नुकता झाला होता, आमच्याकडे विजेचे खांब यायचे होते आणि गिरणी क्रूड तेलाच्या इंजिनावर चालायची. ते इंजिन मी सोळा वर्षं सांभाळलं. दळण घेऊन येणाऱ्या बायांना वाटायचं, गिरणी ह्यांची आहे, सून नुसती झाडझूड करते. मीही कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचा माझा स्वभाव नाही. म्हणून हे लिहून ठेवते.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, तरुणपणी घर सोडून मुंबईला गेले आणि गोदीतून जहाजावर चढले. तिथे ते तेलवाले होते. जहाजाच्या पोटात जे भलंमोठं इंजिन असतं, त्याच्या फिरत्या सांध्यांना तेल घालत हिंडायचं आणि हाताच्या पालथ्या बाजूने कुठे गरम लागतं का ते पाहायचं, हे त्यांचं काम. अकरा वर्षांनी ते एक पत्र्याची पेटी, ही कुपी आणि अधू झालेले डोळे घेऊन परत आले. पुढे शेताचा एक तुकडा विकून त्यांनी गिरणी टाकली. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. बाकी सगळं ते कानांनी पाहत. इंजिन सुरू असताना दाराजवळ पोत्यावर बसून सांगत, पट्टा ढिला झाला, राळ लावा. तिसऱ्या बाईची ज्वारी ओली आहे, परत न्यायला सांगा. कधी चुकत नसत.

हे, म्हणजे माझे मालक, भाजीच्या मळ्यात रमणारे. सकाळी हँडल मारून इंजिन सुरू करून द्यायचे आणि वांग्यांकडे जायचे. मामाजींना डोळ्यांची गरज होती आणि घरात चौथी शिकलेली मी एकटीच होते. म्हणून मी इंजिनाच्या खोलीत गेले.

आता अडचण अशी, की सुनेने सासऱ्यासमोर बोलायचं नाही. मी तर माहेरीही फार बोलत नसे. इंजिनाशेजारी पाण्याची लोखंडी टाकी होती. मामाजींनी मला एक पाना दिला आणि ह्यांच्याकडून सांगवलं, सगळं ठीक असलं तर टाकीवर एकदा वाजव, मला बोलवायचं असलं तर दोनदा. जहाजावरही असंच असतं म्हणे. वरचे लोक खालच्यांशी घंटीने बोलतात, तोंड पाहायची गरज पडत नाही. मला ते फार आवडलं. दर थोड्या वेळाने मी टाकीवर एक ठोका द्यायचे आणि पलीकडे मामाजी मान हलवायचे.

दुसरं काम वहीचं. इंजिन किती वेळ चाललं, पाणी किती तापलं, काय दिसलं, काय बदललं, सगळं रोज लिहायचं. पान फाडायचं नाही, खोडायचं नाही. आठवड्यातून एकदा ती वही मामाजींना वाचून दाखवायची. मी घाबरले. त्यावर ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सूनबाईनं बोलाचं नाही हे खरं. पन सुना पोथी वाचतेतच ना सासऱ्यापुढं? मंग हे बी वाचाव." तेव्हापासून मी पदर ओढून, पोथीच्याच चालीत, खालच्या आवाजात वाचत असे. "आज पाणी बेताचं तापलं. आज पट्ट्याला राळ लावली. आज धूर पांढरा होता, नंतर निवळला." मामाजी हात जोडून नाही, पण तितक्याच शांतपणे ऐकत.

इंजिनाची निगा म्हणजे काय, ते साधं आहे. बिघडल्यावर दुरुस्त करणं ही निगा नव्हे. मामाजी म्हणत, जहाज भर समुद्रात थांबलं तर तिथे मिस्त्री कुठून आणणार? म्हणून चालू असताना, चांगलं असतानाच, कोणता भाग केव्हा उघडायचा ते आधी ठरवायचं आणि जहाज बंदराला लागलं की तो उघडायचा. बिघडला म्हणून नाही, त्याची वेळ झाली म्हणून. आमच्या गिरणीचं बंदर म्हणजे धाडच्या बाजाराचा दिवस. त्या दिवशी गाव अर्धं रिकामं होई, गिरणी बंद ठेवायची. दर बाजाराला तेलाची भांडी धुवायची, तेल फडक्यातून गाळायचं. महिन्याला नोझल काढून काजळी पुसायची. चार महिन्यांनी व्हॉल्व्ह घासायचे. वर्षातून एकदा बेरिंगं उघडायची. हे सगळं मी गेरूने भिंतीवर लिहिलं होतं. त्यामुळे तेल कमी जाई, पीठ करपत नसे. आणि खरा फायदा असा, की बाया आमच्यावर विसंबत. गावातल्या घराघरांतून दगडी जाती उचलून मागच्या परसात गेली होती. कुणी त्यावर तुळशीची कुंडी ठेवली होती.

सकाळी उन्हाची तिरीप खिडकीतून येई आणि पिठाचे कण त्यात हिंडत. सगळी खोली पांढरी, धूसर. इंजिनाचा पुक पुक आवाज पायांतून वर चढे. मला वाटे, ही भिंत, हे गाव, बाहेरची ज्वारी, सगळं हळूहळू कुठेतरी चाललं आहे, आणि ते चालतं ठेवणारी मी इथे खाली बसले आहे. ज्वारी वाऱ्याने वाकली की जणू पाणीच हले. मामाजींना हे मी कधी सांगितलं नाही. पण एकदा ते आपल्याशीच म्हणाले होते, की अकरा वर्षांत त्यांनी समुद्र फार थोडा पाहिला. तो वरच्यांचा. खालच्यांना समुद्र फक्त आवाजात असतो.

गिऱ्हाइकांत एक गोदाबाई होती. एकटी म्हातारी, दोन शेर दळण आणायची आणि पूर्ण दुपार बसायची. दुसऱ्याच्या डब्यात आपलं चिमूटभर पीठ गेलं असा तिला कायम संशय. ती मामाजींना जहाजाच्या गोष्टी विचारून विचारून इतकी सरावली होती, की आल्या आल्या दारातूनच विचारी, "काय बाप्पा, कुठवर आलं जहाज?"

मामाजी कान देऊन म्हणत, "एडनचं बंदर दिसून राह्यलं."

"मंग माह्यं दळण मुंबई येईस्तोवर होईल का?"

"तुह्यं दळण पाहून जहाजच माघारी फिरलं, माय."

बाया हसत. मी आत पदराखाली हसे आणि टाकीवर एक ठोका देई.

आमच्याकडे आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण मोठा. पितरांना घागर, पुरणाचं जेवण. त्या वर्षी आखाजी आणि बाजार अगदी लागून आले. बाया ह्यांच्या मागे लागल्या, एवढा एक बाजार गिरणी चालू ठेवा. ह्यांनी मामाजींना विचारलं. मामाजी म्हणाले, सणाचं आहे, चालवा. म्हणजे त्या आठवड्यात बंदर लागलं नाही. तेलाचं भांडं धुतलं गेलं नाही.

इंजिनाच्या मुख्य बेरिंगवर एक काचेचं छोटं भांडं होतं. त्याच्या आतल्या बारीक चोचीतून तेलाचा थेंब थेंब खाली पडे. आम्ही त्याला डोळा म्हणायचो. थेंब पडत राहिला की बेरिंग थंड राहतं. मी जाता येता त्या डोळ्याकडे पाहायचे. गिरणीत पीठ सारखं उडतं, ते तेलात बसतं, म्हणून तर दर बाजाराला धुवायचं.

आखाजीच्या आदल्या दिवशी गिरणी बायांनी भरली होती. त्या दिवशी मामाजींचे थोरले भाऊ आले. त्यांना आम्ही थोरले मामाजी म्हणायचो. करडा माणूस. त्यांच्या समोरून सून नुसती गेली तरी ते खाकरत. बाहेर उकाडा म्हणून ते आत आले आणि पाण्याच्या टाकीला पाठ टेकून खाली बसले, तंबाखू चोळत. मी कोपऱ्यात हनुवटीपर्यंत पदर ओढून उभी राहिले.

आणि मला दिसलं, डोळ्यातला थेंब पडत नाही. चोचीशी आला आहे आणि थांबला आहे.

टाकीवर दोन ठोके द्यायचे, एवढंच. पाना माझ्या हातात होता. पण टाकीला थोरले मामाजी टेकलेले. त्यांच्या डोक्याजवळ हात नेऊन कसं वाजवणार? बाहेर जावं तर त्यांच्या पायांवरून ओलांडून जावं लागणार. मी ठरवलं, हे उठले की वाजवीन. त्यांनी तंबाखू चोळली, चुना काढला, पुन्हा चोळली. मी थेंबाकडे पाहत होते. तो पडेल, आता पडेल, असं मनात म्हणत होते. दारात बायांचा गलका, मामाजी त्यांना आवरत होते.

मग लोखंड ओरडलं. पट्टा घसरला, इंजिन दोनदा ओढल्यासारखं फिरलं आणि थांबलं. इतकी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. मामाजी भिंत चाचपत आत आले आणि त्यांनी हात थेट बेरिंगवर ठेवला. तळहात भाजला, तरी काही वेळ काढला नाही. बेरिंगच्या आतला मऊ पांढरा धातू वितळून गेला होता.

"मले ऐकू नाही आलं," ते म्हणाले. "माह्या कानानं धोका देला."

मी तिथेच होते, चार हातांवर. पदराखाली.

त्या रात्री मी वहीत लिहिलं. वहीत खोटं लिहायचं नाही हे मला माहीत होतं, म्हणून सगळं लिहिलं. ह्यांनी बेरिंग एसटीने खामगावला नेलं, नवा धातू ओतून ते परत यायला वीस दिवस लागले. तोवर परसातल्या कुंड्या खाली उतरल्या आणि गावात पहाटे जात्यांची घरघर सुरू झाली. आखाजीचं पुरण बायांनी जात्यावरच्या पिठात घातलं. आम्हाला कोणी काही बोललं नाही. गोदाबाई तेवढी म्हणाली, जहाजात बसवून समुद्रात सोडलं रे बाप्पा.

इंजिन पुन्हा सुरू झालं त्या आठवड्यात मामाजींनी वही वाचायला सांगितली. मी त्या पानाशी आले.

"त्या दिवशीचं काय लिहेल हाय?" त्यांनी विचारलं.

"बेरिंग गेलं. इंजिन बंद पडलं," मी वाचलं.

"आन?"

"आणखी काही नाही."

हे शब्द वहीत नव्हते. जे लिहिलेलं नव्हतं ते मी पोथीच्या आवाजात वाचलं. मामाजींनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ते गिरणीत आले नाहीत.

ते घराच्या ओसरीवर बसू लागले. इंजिनाचा आवाज तिथवर येई, पण आवाज आला की ते तोंड फिरवून घेत. ह्यांनी विचारलं, पट्टा नवा आणू का, तर म्हणत, मले काय विचारता. कोणी हाक मारली तरी पहिल्या हाकेला ओ देत नसत, जणू खरंच ऐकू येत नव्हतं. डोळे आधीच गेलेले. कान हेच त्यांचं घर होतं, आणि ते मी बाहेरून कडी लावून बंद केलं होतं. मी टाकीवर ठोका द्यायचे ती सवयीने. पलीकडच्या पोत्यावर कोणी नसे. गोदाबाई येई, दारात थांबे, पोत्याकडे पाही आणि काही न विचारता डबा ठेवी.

दर आठवड्याला मी वही वाचत होते. दर आठवड्याला ते पान मागे राहिलेलं असे आणि मी पुढचंच वाचायचे. असे सात महिने गेले. ते सात महिने मी त्यांचे घेतले, हे आजही मनातून जात नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई लागली. थोरल्या मामाजींच्या नातीचं लग्न ठरलं होतं. धाडच्या बाजाराच्या दिवशी सकाळीच त्यांची गाडी गिरणीपुढे उभी राहिली. गहू, हरभऱ्याची डाळ, पोतीच्या पोती. हळद परवावर आलेली. भिंतीवर माझ्या गेरूने त्या दिवसापुढे लिहिलं होतं, व्हॉल्व्ह घासणे. चार महिने भरले होते. मी दाराला आतून आडणा लावला होता. ह्यांनी बाहेरून सांगितलं, उघड. मी उघडलं, पण इंजिनाजवळ जाऊन उभी राहिले आणि भिंतीवरच्या गेरूकडे बोट करून नुसती नाही म्हणून मान हलवली. हे गोंधळले. म्हणाले, बाबालेच विचारू.

सगळे घरी आले. मी मागच्या दाराने शिरून ओसरीच्या चौकटीआड उभी राहिले. थोरले मामाजी म्हणाले, "सून नाही म्हनते. बंदर हाय म्हने. आता कायचं बंदर, भाऊ? तुह्ये कान होते तवा ठीक होतं. कान गेले, बंदरबी गेलं. आखाजीले का वाचवलं त्या बंदरानं?"

मामाजी जमिनीकडे तोंड करून होते. "चालवा मंग," ते म्हणाले. "मले आता काय समजते."

मला एवढंच कळलं, की आज इंजिन चाललं तर ते पुन्हा कधी गिरणीत येणार नाहीत.  बोलणं तर शक्यच नव्हतं, थोरल्या मामाजींसमोर, शिवाय बाहेर दोन गडी. पण वही कोनाड्यातच होती. मी ती घेतली, चौकटीआडच खाली बसले, ते पान काढलं आणि पोथी वाचतात तसं वाचू लागले. फक्त मोठ्याने.

"आखाजीचा आदला दिवस. बंदर झालं नाही. तेलाचं भांडं धुतलं नाही. डोळ्यातला थेंब बंद झालेला मला दिसला. थोरले मामाजी टाकीला टेकून बसले होते म्हणून मी पाना वाजवला नाही. ते उठण्याची वाट पाहिली. बेरिंग गेलं. इंजिन बंद पडलं. यात मामाजींच्या कानाचा दोष नाही."

मी थांबले. मग जे लिहिलेलं नव्हतं तेही त्याच आवाजात म्हटलं, "मागे वाचताना मी हे वगळलं होतं."

 थोरल्या मामाजींचा तंबाखूचा हात तसाच राहिला. मला वाटलं, आता माहेरी धाडतील. मला ते चाललं असतं.

मामाजींनी तोंड वर केलं, माझ्या आवाजाच्या दिशेने.

"पुढचं वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. खामगावहून बेरिंग आलं, बसवलं. पाणी बेताचं तापलं. नोझल पुसलं. पाऊस, पट्टा आखडला. एकेक दिवस करत सात महिने वाचले, सगळे ऐकत उभे राहिले. शेवटी आजच्या तारखेला आले. "चार महिने भरले. व्हॉल्व्ह घासणे."

मामाजींनी काठी मागितली. उठता उठता म्हणाले, "दादा, आज बंदर हाय. उद्या सकाळचं पयलं दळन तुह्या नातीचं."

थोरले मामाजी ओसरीवरून उतरले. मग तंबाखू तोंडात टाकून गाडीकडे जाताना पुटपुटले, "जरासं टेकलो त जहाज बुडवलं म्हनते माह्यावर. असं कसं बावा हे जहाज?" पण पोती त्यांनी गिरणीच्या दारातच उतरवली.

दुपारभर आम्ही इंजिन उघडून बसलो. व्हॉल्व्ह काढले. मामाजी बोटाच्या टोकाने कडा चाचपत होते, मी काजळी पुसत होते. मी मनात देवाचा धावा करत होते, की काहीतरी सापडू दे. एखादी चीर, एखादी झिजलेली कडा. लग्नाचं दळण एक दिवस थांबवलं, ते उगाच नव्हतं असं दिसू दे. पण काही नव्हतं. कडा स्वच्छ होत्या. डोळा धुतला, तेल गाळलं, सगळं जसं होतं तसं परत बसवलं. संध्याकाळी मी वही घेतली आणि लिहिताना लाज वाटली.

"काय लिहेल हाय?" मामाजींनी विचारलं.

"काही सापडलं नाही," मी वाचलं.

"हेच त लिहाचं असते," ते म्हणाले. "ज्या जहाजाच्या वहीत हे लय वेळा लिहेल असते ना, तेच घरी येते." थोड्या वेळाने, कुपी पुसता पुसता, आणखी म्हणाले, "थेंब पडते त्याचा आवाज येते, सूनबाई. थांबते त्याचा येत नाही. तो पाहावाच लागते." आखाजीबद्दल ते यापलीकडे कधी काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. मामाजी दाराजवळच्या पोत्यावर येऊन बसले. नातीच्या लग्नाचा गहू वरून पडू लागला, खालून गरम पांढरं पीठ येऊ लागलं, आणि ऊन खिडकीतून आत शिरून पिठाच्या धुक्यात अडकलं. डोळ्यात थेंब पडत होता. मी टाकीवर एक ठोका दिला. पलीकडे मामाजींनी मान हलवली.

तेवढ्यात गोदाबाई डबा घेऊन आली. पोत्यावर मामाजी दिसले तशी उंबऱ्यातच थबकली, आणि सात महिन्यांत विचारलं नव्हतं ते विचारलं.

"काय बाप्पा, कुठवर आलं जहाज?"

मामाजींनी कान दिला. मग त्यांनी तोंड आत, माझ्या बाजूला वळवलं.

"सूनबाई, तू सांग."

दारात बाया होत्या. गाडीवाला होता. थोरले मामाजी पोत्यांजवळ उभे होते. माझ्या हातात पाना होता, आणि टाकी अगदी जवळ होती. मी पाना खाली ठेवला.

"आत्ताच बंदर सोडलं," मी म्हणाले.